रकाना सतरा, इंधनाचा दाब

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. मीटरकाकांनी नाही, त्यांच्या बायकोनं नाही, आणि गाडीनं तर मुळीच नाही. गाडीला लिहिता येत नाही, म्हणूनच ती बिचारी वाचली. वाहन तपासणी कार्यालयाच्या फाटकात, भर सकाळी, शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत जे घडलं त्याचा अहवाल तुम्ही चार ओळींत लिहिलात आणि त्या चार ओळींत पाच खोट्या गोष्टी बसवल्यात. कागदाची इतकी काटकसर सरकारी खात्यात आजवर कोणी केली नसेल. तुमचं नाव इथे घेत नाही. ते तुमच्या टेबलावरच्या पाटीवर आहे, आणि त्या पाटीपुढे तुम्ही कायम फायलींचा ढीग रचून ठेवता, त्याअर्थी ते कोणी वाचावं असं तुम्हालाही वाटत नसावं. पण घडलं काय ते पहिल्यापासून सांगायलाच हवं, कारण तुमच्या अहवालात ते शेवटापासूनसुद्धा नाही.

गाडी म्हणजे डिझेलची पिकअप. मागे उघडा हौदा, वर ताडपत्री. गाडी मीटरकाकांच्या नावावर, पण राबायची काकूंसाठी. काकूंची लाँड्री होती. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावर शर्टाला इस्त्री मारणारी टपरी नव्हे. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं उकळून, वाळवून, घड्या घालून रोज सकाळी दहाच्या आत दवाखान्यात पोचवायचं. हाताखाली चार बायका. दहाला तिथे खाटा बदलतात, आणि दवाखान्याच्या मेट्रनबाई घड्याळाकडे बघून श्वास घेणाऱ्यांपैकी.

लाँड्री आणि दवाखाना यांच्यामध्ये एक पूल. तो चढताना गाडी अर्ध्यावर आली की तिचा दम जायचा. जोर कमी, आणखी कमी, मग धापा, मग मागच्यांचे भोंगे. मागच्यांना वाटायचं, काका मुद्दाम करतात. एकानं तर काच खाली करून विचारलं, "आजोबा, ढकलू का उचलू?" काकांना 'ढकलू'चं काही वाटलं नाही, 'आजोबा' मात्र आठवडाभर टोचत राहिलं.

दोनदा उशीर झाला. दुसऱ्यांदा मेट्रनबाई पायरीवर उभ्याच होत्या.

"काकू, तुमच्या चादरीला आजवर नाव ठेवायला जागा नाही सापडली," त्या म्हणाल्या. "पण पेशंटला मी काय सांगू? चादर पुलावर आहे, तोवर उभे राहा? अजून एकदा झालं ना, तर मला दुसरी लाँड्री बघावी लागेल."

काकू गाडीत येऊन बसल्या आणि दार असं काही लावलं की काकांना काय ते कळलं.

कंपनीच्या गॅरेजात पांढऱ्या शर्टातल्या एका गोड बोलणाऱ्या सल्लागारानं गाडीला संगणक जोडला. संगणकानं तीन वेळा विचार केला आणि तिन्ही वेळा हिरवा दिवा लावला.

"गाडी ठणठणीत आहे, सर."

"मग पुलावर दम का लागतो?"

"इथे लागत नाहीये, सर."

"इथे पूल कुठाय?"

"तेच म्हणतोय, सर. शक्यतो पूल टाळा."

या सल्ल्याबद्दल त्यानं पावतीही दिली.

गाडी इमारतीखाली उभी राहिली की शेजारी गोळा व्हायचे. आजाऱ्याला एक वेळ डॉक्टर मिळणार नाही, पण नादुरुस्त गाडीला सल्लागारांची वाण नसते. वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, डिझेलमध्ये पाणी आहे. त्यांच्या मते जगातल्या सगळ्याच गोष्टींत पाणी असतं, आणि बँकेत असताना ते त्यांना लांबूनच दिसायचं. समोरचे दंतवैद्य खाली वाकून म्हणाले, मुळापर्यंत गेल्याशिवाय वरवरच्या इलाजाला अर्थ नाही, आणि मूळ कुठे असतं ते विचारून वर निघून गेले. काकूंचा भाऊ, म्हणजे काकांचा मेव्हणा, चाकाला लाथ मारून म्हणाला, "भाऊजी, विकून टाका." हा मेव्हणा कोणत्याही अडचणीवर 'विकून टाका' हा एकच उपाय सांगतो. त्याच्या घरात आता बसायला एक खुर्ची उरली आहे, आणि तीसुद्धा बहिणीकडून आलेली. इमारतीच्या सेक्रेटरींनी सल्ला दिला नाही, नोटीस दिली: 'आपल्या वाहनाभोवती जमणाऱ्या गर्दीमुळे येण्याजाण्यास अडथळा होतो.' त्या गर्दीत सगळ्यांत पुढे स्वतः सेक्रेटरी असायचे, पण ते असो.

काका मात्र ऐकत नव्हते. त्यांचं डोकं एकाच जागी अडकलं होतं: दाब. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस. कुठल्या नळवाहिनीत किती दाब, हे दर तासाला बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. मीटरकाका हे नाव तिथूनच पडलं आणि सासरपर्यंत पोचलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नळाला पाणी येत नाही तेव्हा तोटीला शिव्या देऊन काय उपयोग? आधी वाहिनीतला दाब बघा. डिझेलसुद्धा टाकीतून छोट्या पंपानं निघतं, फिल्टरमधून मोठ्या पंपात जातं. वाटेत दाब पडत असेल तर इंजिन उपाशी राहणार. उपाशी माणूस पूल चढत नाही, तर गाडी कशी चढेल?

विचार बरोबर होता. बरोबर विचारातून माणूस जेवढा खड्ड्यात जातो तेवढा चुकीच्या विचारातून जात नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी काकांना पितळेचं एक दाबमापक दिलं होतं, जेवणाच्या ताटाएवढं, लाकडी फळीवर बसवलेलं, खाली नाव कोरलेलं. काकांनी ते भिंतीवरून उतरवलं, इंधनाच्या नळीला जोड काढला आणि रबरी नळी खिडकीतून आत घेऊन ते ताट डॅशबोर्डवर मांडलं. गाडी सुरू केली. काटा शून्यावरून जेमतेम हलला. काका हर्षानं ओरडले, "बघा! दाबच नाही!" आणि त्याच बैठकीत त्यांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं, त्यात 'ग्राहकाच्या जिवाशी खेळ' हे शब्द दोनदा आणि 'लाज' हा शब्द एकदा होता.

पत्र टाकून झाल्यावर मिस्त्री आला. साठीचा माणूस. बोलायला दिवसातून वीस शब्द मिळतात आणि ते जपून वापरायचे असतात, असा त्याचा कारभार. त्यानं ताटाकडे बघितलं. सोळा किलोपर्यंतचे आकडे बघितले.

"काका, हा काटा हत्ती तोलायचा. तुम्ही वर जिरं ठेवलंत."

गाडीचा सगळा दाबच चार-साडेचार किलोचा. काका ओशाळले, पण पत्र पोचलं होतं. कंपनीचं उत्तरही आलं: 'आपल्या सूचनेबद्दल आभार. आपला प्रवास सुखाचा होवो.'

मग छोटं मापक आणलं. ते जोडल्यावर पंपाच्या ठोक्यांनी काटा असा थरथरू लागला की चौथ्या मिनिटाला गळून काचेच्या आत तळाशी पडला. दुसरं आणलं. मिस्त्रीनं नळीवर एक बारीक कॉक बसवून तो अगदी केसभर उघडा ठेवला, तेव्हा काटा शहाण्यासारखा उभा राहिला. आता प्रश्न असा की, चालवता चालवता काटा बघायचा कोणी? काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. पण शेवटी त्याच बसल्या, मांडीवर जास्तीच्या अभ्र्यांचा गठ्ठा आणि डोळे काट्यावर. काकांनी रजिस्टर आखलं होतं: वेळ, ठिकाण, दाब, शेरा. काकू ओरडून सांगणार, मागे बसलेला मेव्हणा लिहून घेणार. मेव्हण्याला एवढंच सांगितलं होतं की, ताई जे म्हणेल ते लिही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं काम तंतोतंत केलं.

'९.३१, पुलाची सुरुवात, चार, समोर बघा.
९.३२, दिव्याचा खांब, तीन, अहो समोर.
९.३३, अर्धा पूल, दोन, ट्रक ट्रक ट्रक.
९.३४, माथा, एक, मेलो.'

काकांनी ते पान वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं नव्हे. चढावर, ओझ्याखाली, दाब चारावरून एकावर येत होता. संगणकाला जे दिसलं नाही ते रजिस्टरात निळ्या शाईत होतं.

दुर्दैवानं त्याच दिवशी नळीचा जोडही पाझरत होता, थेंब थेंब, काकूंच्या मांडीवरच्या गठ्ठ्यावर. ते अभ्रे डोळ्यांच्या वॉर्डात गेले. दुपारी मेट्रनबाईंचा फोन.

"काकू, पेशंट विचारतायत, ऑपरेशन इथेच करणार की गॅरेजात नेणार?"

काकूंनी फोन ठेवला. मग त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की मेव्हणा चपला घालून निघूनच गेला. "सतरा वर्षांत माझ्या कपड्याला कोणाचा वास आला नाही, हो. आज तुमच्या दाबाचा आला."

दुसऱ्या दिवशी डिझेलची नळी केबिनमधून हद्दपार झाली. मिस्त्रीनं इंजिनापाशीच दाब ओळखणारं बोंड बसवलं आणि आत फक्त एक वायर आणि पेल्याच्या तोंडाएवढं मापक. आणि रोगही सापडला. जास्तीचं डिझेल टाकीत परत सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग थकली होती. अडवायचं ते डिझेलही ती सोडून देत होती, एखाद्या दमलेल्या पहारेकऱ्यासारखी. नवी स्प्रिंग सुटी मिळत नाही, अख्खा पंपच घ्यावा लागतो, असं कंपनी म्हणाली. मिस्त्रीनं उत्तर न देता बोटाच्या पेराएवढा एक वायसर स्प्रिंगमागे घातला, म्हणजे ती दबून ताठ राहील, आणि झाकण पिळलं.

"चढवा."

पूल. सुरुवातीला साडेचार. अर्ध्यावर चार. माथ्यावर साडेतीन! गाडी अशी चढली की काकांना उतारावर ब्रेक मारायचं भान राहिलं नाही. पावणेदहाला चादरी पायरीवर. मेट्रनबाईंनी गठ्ठ्याला नाक लावून वास घेतला, घड्याळ बघितलं, आणि पहिल्यांदाच चहा विचारला. पाच आठवडे हे असंच चाललं. चार बायकांत एक घड्या घालणारी होती, ती रोज सकाळी विचारायची, "काका, आज किती आहे?" आणि काका आकडा सांगायचे, जणू घरातल्या कोणाचा ताप उतरतोय.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या देशात संपलीही असती. पण गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली आणि साहेब, तुम्ही आलात.

तपासणीला तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, आत डोकावलात आणि मापकाकडे बोट केलंत. "हे काय?"

"दाबमापक, साहेब. इंधनाचा दाब कळतो."

"मूळ गाडीत आहे?"

"नाही, साहेब. म्हणूनच बसवलं."

"म्हणजे फेरबदल." तुमचा चेहरा उजळला. दिवसभर निर्दोष गाड्या बघून माणूस कंटाळतो, हे समजण्यासारखं आहे. "फेरबदलाचा अर्ज भरा. खिडकी दोन."

खिडकी दोनवरच्या कारकूनबाईंनी चार पानी अर्ज दिला. काकांनी घरी नेऊन तो सुवाच्य अक्षरात भरला आणि रकाना सतराशी थांबले. 'इंधनाचा दाब (मान्यताप्राप्त मापकाने मोजलेला).' काकांना भरून आलं. सरकारच्या पोटात कुठेतरी आपल्यासारखाच एक माणूस होता, त्यानं हा रकाना आखला होता! त्यांनी लिहिलं: 'फेरबदलापूर्वी चढावर १, नंतर ३.५.' सोबत रजिस्टर जोडलं.

तुम्ही रजिस्टर उघडलंत. बराच वेळ वाचलंत.

"हे 'मेलो' म्हणजे कोणतं माप?"

"शेरा आहे, साहेब. मंडळींचा."

"आणि हा साडेतीन कशाने मोजला?"

"या मापकाने."

"हे मापक मान्यताप्राप्त नाही. मान्यताप्राप्त म्हणजे मूळ कंपनीचं."

काका कंपनीकडे गेले. पांढऱ्या शर्टानं लेखी दिलं: 'आमच्या या वाहनास इंधन-दाबमापक नसते.' ते पत्र घेऊन काका परत तुमच्यापुढे. तुम्ही ते दोनदा वाचलंत, चष्मा काढलात आणि फार मोठेपणानं म्हणालात, "मग प्रश्नच मिटला. मापक नाही, म्हणजे मोजलेला दाब नाही. रकान्यात 'निरंक' लिहा आणि सही करा. लगेच मंजूर करतो."

"साहेब, दाब निरंक असेल तर गाडी सुरूच होणार नाही."

"होते ना सुरू?"

"होते."

"मग तक्रार कसली?"

मागे रांग होती. रांगेतल्या एकानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, लिहा आणि सुटा. माझ्या ट्रकच्या अर्जात मी बायकोचं वय सोडून सगळं निरंक लिहिलंय." रांग हसली. तुम्हीही हसलात. काका हसले नाहीत. त्यांनी अर्ज उचलला, रजिस्टर उचललं, आणि पायऱ्या उतरताना त्यांचा पाय चुकला तेव्हा ते ज्या दिमाखानं पडले, तसं पडायलाही एकतीस वर्षांची नोकरी लागते.

घरी आल्यावर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मुदत गुरुवारी संपत होती. कागद नसेल तर शुक्रवारी पुलावरचा पोलीस गाडी सोडणार नव्हता. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"एक शब्द आहे. लिहून टाका."

"खोटा आहे."

"अर्जावर खोटं लिहिलं म्हणून आभाळ कोसळलं असतं तर या गावात कोणाच्या डोक्यावर छप्पर राहिलं असतं?"

"तुला आठवतं? वरच्या वस्तीच्या नळाला थेंब नव्हता, आणि मला दोन किलो लिही म्हणत होते."

"आठवतं. तुम्ही शून्य लिहिलंत आणि तीन वर्षं लांबच्या पंपघरावर बदली भोगलीत. मी एक शब्द बोलले? नाही बोलले. कारण शिक्षा तुम्हाला होती, मला होती." त्यांनी हात पुसले. "या वेळी ती त्या चौघींना आहे. त्यांना विचारलंय का तुम्ही, तुमच्या खरेपणाबद्दल?"

काका बाल्कनीत जाऊन बसले. खाली बँकवाले, दंतवैद्य आणि सेक्रेटरी गाडीभोवती उभे राहून, निरंक म्हणजे शून्य की काहीच नाही, यावर भांडत होते.

शेवटी काकांनी एक मार्ग काढला. सरळ माणसाला मार्ग सापडतो तेव्हा समजावं की पुढे भिंत आहे. खोटं लिहायचं नाही ना? मग फेरबदलच काढून टाकू. मापक काढायचं, वायसर काढायचा. गाडी जशी होती तशी. अर्जच नको, रकानाच नको. तपासणी होऊन कागद मिळाला की मग पुढचं पुढे.

मिस्त्री ऐकत राहिला. हातातला पाना त्यानं दोनदा पुसला.

"चाळीस वर्षं झाली धंद्यात. लोक गाडी दुरुस्त करायला आणतात. बिघडवायला आणणारे तुम्ही पहिले."

"मी नाही आणली. त्यांनी आणायला लावली."

"वायसर सांभाळून ठेवा," मिस्त्री म्हणाला, आणि तो काढताना त्यानं काकांकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी नऊला तपासणीची वेळ मिळाली, कार्यालय पुलाच्या अलीकडे म्हणून तिथवर पोलीस आडवा आला नाही. दवाखान्याचा माल गाडीतच. "गाडी रिकामी पाहिजे," कारकूनबाई म्हणाल्या, म्हणून काकू, मेव्हणा आणि घड्या घालणारी बाई यांनी सव्वीस गठ्ठे उतरवून तुमच्या बाकांवर रचले. ते मऊ बघून त्यावर चार जण बसले, त्यांना उठवण्यात वेळ गेला. तुम्ही आलात. रिकामी गाडी, सपाट अंगण, एक फेरी. आत डोकावलात. मापकाच्या जागी आता दोन भोकं होती.

"आता कशी शहाण्यासारखी गाडी दिसते," तुम्ही म्हणालात. शिक्का मारलात. "उत्तम."

नऊ वाजून चोवीस मिनिटांनी गाडी सरकारदरबारी उत्तम झाली. गठ्ठे पुन्हा चढले. काका बसले, काकू बसल्या. तुमचं कार्यालय खड्ड्यात आहे, साहेब. ही उपमा नाही, जमिनीची पातळी आहे. बाहेरच्या रस्त्याला लागायला फाटकातून पंचवीस पावलांचा चढ लागतो. काकांनी पहिला गिअर टाकला. दहा पावलं, जोर. पंधरा पावलं, धाप. वीस पावलांवर इंजिन एकदा थरथरलं आणि गप्प झालं. ब्रेक लावेपर्यंत गाडी मागे घसरली, आडवी झाली आणि फाटकाच्या दोन खांबांमध्ये अशी चपखल बसली की मापं घेऊन बनवली असती तरी बसली नसती. डाव्या खांबावरची नागरिकांच्या हक्कांची भलीमोठी पाटी सुटून हौद्यातल्या अभ्र्यांवर आडवी झाली. कोणाला लागलं नाही. आत सत्तर गाड्या अडकल्या, बाहेर दीडशे. आत तुमचीही होती.

काकूंनी क्षणभर डोळे मिटले. मग उतरल्या. फाटकाबाहेर ड्रायव्हिंग स्कूलची एक छोटी मोटार उभी होती, आत शिकवणारे गुरुजी आणि तिसऱ्याच दिवशी चाक हातात धरलेल्या एक बाई.

"गुरुजी, दवाखान्याच्या चादरी आहेत. सोडाल?"

"यांना अजून चढ शिकवला नाहीये, ताई."

"मग आज शिकवा!"

डगल्यांचे आणि चादरींचे जेवढे गठ्ठे मावले तेवढे कोंबले. मोटार पुलावर सात वेळा बंद पडली. दर वेळी गुरुजी म्हणायचे, "घाबरू नका," आणि ते बाईंना म्हणत होते की स्वतःला, ते काकूंना कळलं नाही. पोचायला दहा पंचवीस झाले. एक ऑपरेशन डगल्यांसाठी थांबलं होतं. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डगले मोजून घेतले आणि म्हणाल्या, "वॉर्डाच्या चादरी राहू देत तुमच्याकडे. ऑपरेशनचं काम मला दुसरीकडे द्यावं लागेल, काकू. तिथे पेशंट टेबलावर असतो."

निम्मं काम गेलं. सोमवारपासून घड्या घालणारी घरी बसली आणि डगल्यांना इस्त्री करणारीही. घड्या घालणारी जाताना काकांना एवढंच म्हणाली, "काका, मीटर असतं तर तुम्हाला आधीच दिसलं असतं ना?"

काकांनी मान हलवली.

आता तुमचा अहवाल. क्रेन येईपर्यंत तुम्ही सावलीत उभे राहून तो लिहिलात. काकांनी नक्कल मिळवली आहे, ती अशी: 'वाहन पूर्ण सुस्थितीत होते. इंधनाचा दाब योग्य होता. चालकाने चढावर हयगय केली. मालकास नियमांची माहिती दिली असता त्याने सहकार्य केले नाही आणि वाहन स्वखुशीने मूळ स्थितीत आणले.' काकांनी तिथेच विचारलं होतं, "साहेब, दाब योग्य होता हे कशाने मोजलंत?" तुम्ही म्हणालात, "लेखी विचारा."

तीन वेळा लेखी विचारून झालं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की प्रश्न विहित नमुन्यात नाही. दुसऱ्याला आलं की विषय या टेबलाचा नाही. तिसऱ्याला अजून काहीच आलेलं नाही. गाडी रोज अर्ध्या ओझ्यानं दोन खेपा करते, कारण कागदावर ती उत्तम आहे आणि पुलावर ती उपाशी आहे. वायसर एका काडेपेटीत आहे. तो आत घातला की गाडी चढेल आणि कागद रद्द होईल.

म्हणून आता चौथ्यांदा, आणि सगळ्यांसमोर. नियम सांगू नका, नमुना सांगू नका, खिडकी दोन दाखवू नका. त्या शुक्रवारी नऊ चोवीसला त्या नळीत किती दाब होता? 'योग्य' हा आकडा नव्हे, साहेब. दोन बायका घरी बसल्यात, त्यांना 'योग्य' सांगून चालत नाही.

आकडा सांगा.